कडी आतून होती

गुडगाव
१० जानेवारी १९९९

चि. वृंदा,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता मार्केटातल्या केमिस्टकडून इंग्रजीत लिहून घेतला. रागावू नकोस. नाशिकचा पत्ता कोर्टाच्या कागदांवर होता.

कागद मंगळवारी आले. उन्मेषनं उभ्याउभ्याच वाचले, फाइलीत लावले आणि म्हणाला, "चलो, संपलं एकदाचं." मग आंघोळीला गेला. अडीच वर्षं तू या घरात माझी सून होतीस आणि आता मी तुझी कोण लागते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून सवयीनं 'आई' अशीच सही करते आहे.

लिहिण्याचं कारण असं, की माळ्यावर तुझा एक खोका सापडला. बीएडची पुस्तकं, शाळेतल्या मुलींनी दिलेली भेटकार्डं आणि ती निळी शाल. पार्सल करू का? उन्मेषला विचारलेलं नाही. तो बरा आहे. प्रमोशन झालं. सकाळी आठला जातो, रात्री येतो.

इथे अजून तसंच आहे. आपल्या रांगेत पाच घरं झाली, त्यातली दोन बंद. दिवसभर कुणाचा आवाज नाही. लाइट गेली की जनरेटर सुरू होतात तेवढाच. दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली, तिथे शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. इथे मी दुपारी टीव्ही लावते आणि पाहत नाही.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. सत्त्याण्णवच्या जूनमधल्या त्या दुपारी तू गच्चीवर अडकलीस, तेव्हा मी झोपले होते. ब्लडप्रेशरच्या गोळीनं गाढ झोप लागते मला. काही ऐकू आलं नाही. तुझा काही गैरसमज असेल तर तो राहू नये, म्हणून लिहिलं.

खोक्याचं कळव.

तुझी
आई


गुडगाव
२१ फेब्रुवारी १९९९

चि. वृंदा,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. खोका मी पोस्टातून पाठवला आहे.

उन्मेषचं लग्न ठरतंय. तुला हे माझ्याकडूनच कळावं, असं काही नाही. पण इथे दुसऱ्या कुणाला सांगू?

मुलीचं नाव तनया. पुण्याची आहे, सव्वीस वर्षांची. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर एका उंच बिल्डिंगमध्ये तिचं ऑफिस आहे, काँप्युटरचं काम करते. आईवडील पुण्यात, ही इथे एकटी. डिसेंबरात एका पार्टीत ओळख झाली आणि सहा आठवड्यांत याचं ठरलंसुद्धा. "आई, आता वाट कशाला बघायची?" म्हणतो. तुझ्या वेळीही तो असाच घाईत होता, आठवतं? तुझे बाबा म्हणत होते मुलीची परीक्षा होऊ दे, आणि यानं रोज नाशिकला एसटीडी करून करून त्यांना हो म्हणायला लावलं. आम्ही किती कौतुक केलं होतं त्याचं.

गेल्या रविवारी ती जेवायला आली होती. मोकळी आहे, मोठ्यानं हसते. हसल्यावर एकदा त्याच्याकडे बघते. मी वाढत होते म्हणून मला दिसलं.

त्यानं तिला मोबाईल घेऊन दिलाय. जेवताना ती मला म्हणाली, "काकू, हा दिवसातून सात-आठ वेळा फोन करतो. माझ्या मैत्रिणी जळतात." आधी ती वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये तीन मुलींबरोबर राहायची. उन्मेषला त्या मुली आवडल्या नाहीत. आता त्यानं तिला साकेतमध्ये एकटीला खोली बघून दिली. केसही तिनं त्याच्या म्हणण्यावरून वाढवायला घेतलेत. हे सगळं ती आनंदानं सांगत होती, वृंदा. आमटी आणखी घेत होती आणि सांगत होती.

मी वाढत राहिले. तू जाताना माझ्याकडे बघून काय म्हणाली होतीस ते आठवलं. ते इथे लिहीत नाही.

आई


गुडगाव
१४ मार्च १९९९

वृंदा,

मी झोपले नव्हते.

हे एक वाक्य लिहून दोन दिवस कागद गादीखाली ठेवला होता. आज पुढचं लिहिते.

तू सकाळी शाळेत मुलाखतीला गेली होतीस, त्याला न विचारता. मला सांगून गेली होतीस, कारण तुला वाटलं निदान मला तरी सांगावं. आणि मी त्याच्या ऑफिसात फोन केला. तो अकराला घरी आला. तू बाराला आलीस. तुमचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं, पण शब्द नकोत. तो तुला दंडाला धरून वर घेऊन गेला, एकटाच खाली आला, हात धुतले आणि मला म्हणाला, "आई, ती जरा शांत होऊ दे. दार उघडू नकोस." मग परत ऑफिसला गेला.

कडी आतून होती. साधी कडी, कुलूपही नाही. मी जिन्यात तीनदा जाऊन आले. तू आधी हाका मारल्यास, मग दार वाजवलंस, मग वाजवायची थांबलीस. तेव्हा मी कूलर मोठा केला. साडेतीन तास. जूनमधली इथली गच्ची आणि तू अनवाणी. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा तुझ्या तळव्यांकडे बघून त्यांनी विचारलं, हे कसं झालं. मीच सांगितलं, कपडे वाळत घालताना चक्कर आली. तू माझ्याकडे बघत होतीस. पंधरा दिवसांनी तू गेलीस.

का नाही उघडली, हे तू मला कधी विचारलं नाहीस. खरं सांगायचं तर भीती वाटली म्हणून नाही. तो मला कधीच काही करत नव्हता. रोज संध्याकाळी तो आला की आधी माझ्या पलंगावर येऊन दहा मिनिटं बसायचा. "आज काय काय झालं, आई?" मी सांगायचे. वृंदानं नाशिकला वीस मिनिटं फोन केला. भाजीवाल्याशी हसत होती. कोपऱ्यावरच्या मद्राशिणीकडे तासभर बसली. कधीकधी पाच मिनिटांचे पंधरा करून सांगायचे, कारण मग तो आणखी बसायचा. त्या ओसाड घरात दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तू होतीस, पण तू बोललेलं मी त्याला विकत होते. तो टेलिफोनला कुलूप लावायला लागला ते माझ्यामुळे. कडी काढली असती तर ती दहा मिनिटं गेली असती. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण सापडतं का म्हणून पावणेदोन वर्षं शोधलं.

आणखी एक, जे माझ्या माहेरीही कुणाला माहीत नाही. उन्मेषचे बाबा माझ्यावर हात टाकायचे. लोकांना पद्माकरराव देवमाणूस वाटायचे. ऑफिसात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. १९७१ साली माझं मनगट मोडलं. हिंदूराव हॉस्पिटलला नेलं त्यांनीच, रिक्षात माझा हात मांडीवर घेऊन, डोळ्यांत पाणी. नर्सनं विचारलं, "कैसे हुआ?" मी तोंड उघडायच्या आत सहा वर्षांचा उन्मेष म्हणाला, "मम्मी सीढ़ी से गिर गई." त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मीही त्याच्याकडे बघून हसले. शहाणं बाळ, असं वाटलं मला.

आता तनयाला सांगायला हवं. पण सांगायचं ते सगळं तुझ्या अंगावर घडलेलं आहे. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू? लग्न जूनअखेर, अधिक महिना संपल्यावर.

लतिका


गुडगाव
२१ एप्रिल १९९९

वृंदा,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण पाठ झाल्या. "लतिकाबाई, तिला सांगा. माझं नाव सांगा, नंबर द्या. मात्र हे माझ्यासाठी करताय असं समजू नका. आणि मी माफ केलं असंही तिला सांगू नका."

बरोबर आहे. मी तसंच केलं.

आज सकाळी उन्मेष गेल्यावर निघाले. रोडवेजच्या बसनं धौला कुआँ, तिथून दुसरी बस. सहा वर्षांत मी एकटी दिल्लीत गेले नव्हते. तिच्या बिल्डिंगच्या गेटवर गार्डनं वहीत नाव लिहायला लावलं, 'कोणाकडून' या रकान्यात काय लिहावं कळेना. रिकामा ठेवला.

ती धावतच खाली आली. "काकू, तुम्ही? उन्मेषला काही झालं का?"

"नाही. तो ऑफिसात आहे. मी आलेय हे त्याला माहीत नाही."

आम्ही कँटीनमध्ये बसलो. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला, स्क्रीन वर करून. मी चहाला हातही लावला नव्हता तेवढ्यात तो वाजला. ती म्हणाली, "हो, डेस्कवरच आहे. नाही रे, एकटीच." फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. तीच म्हणाली, "उगाच त्याला टेन्शन नको."

मी सांगितलं. मुलाखत, गच्ची, कूलर, डॉक्टर. माझं सगळं आधी सांगितलं, मग त्याचं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू कडक होत गेला, पण मला वाटलं होतं त्या बाजूनं नाही.

"तो म्हणाला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला होता?"

"की आई एक दिवस येईल आणि असं काहीतरी सांगेल. तुम्ही वृंदाताईंचा छळ केलात, त्यातून ते लग्न मोडलं, आणि आता तुम्हाला मीही नको आहे. सांगताना तो रडला होता, काकू."

कँटीनमध्ये सगळीकडे हसणं-बोलणं चालू होतं. मला त्याला खोटं म्हणता येत नव्हतं. कारण अर्धं खरं होतं.

"छळ मी केला, हे तो खरं बोलला," मी म्हटलं. "कडी त्यानं लावली."

"उन्मेष हात उचलणाऱ्यातला नाहीये. बिल्कुल नाही."

"वृंदावरही वर्षभर नाही उचलला. गरजच नव्हती. ती आधीच सगळं ऐकत होती."

मोबाईल पुन्हा वाजला. तिनं उचलला नाही, पण तो थांबेपर्यंत तिचे खांदे वर चढलेले होते. मी तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. तिनं घेतली नाही.

"एक कर," मी म्हटलं. "लग्नाआधी एकदा त्याला नाही म्हण. मोठ्या गोष्टीला नको. अगदी छोट्या. कारण देऊ नकोस. आणि मग तो काय करतो ते बघ. तू काय करतेस तेही बघ."

"झालं तुमचं? मला मीटिंग आहे," ती म्हणाली. वर जाताना लिफ्टपाशी थांबली, परत आली, चिठ्ठी उचलली आणि गेली.

लतिका


मुनिरका
१६ मे १९९९

वृंदा,

वरचा पत्ता बघून चकित होऊ नकोस. मी घर सोडलं.

तनयानं त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो नेहमीच्या वेळी आला. बूट काढून रांगेत लावले. माझ्या पलंगावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "आज काय काय झालं, आई?" मी तुझी गोष्ट ऐकून, बघून, लिहून आता ती माझी झाली असं धरून चालले होते. नव्हती झाली. त्या क्षणी झाली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते खोटं: "काही नाही रे, देवळात गेले होते."

त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तीन आठवडे. टेलिफोन त्याच्या खोलीत नेला, बाहेरच्या दाराची किल्ली माझ्या पदराची काढून घेतली. कामवालीला सांगितलं माताजींची तब्येत ठीक नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. तिनं ऐकलं. का नाही ऐकणार? मीही ऐकलं होतं. संध्याकाळी त्याची गाडी वाजली की मी आंघोळ करून, साडी बदलून पलंगावर बसायचे, आज तरी बोलेल म्हणून. चौसष्ट वर्षांची बाई.

मग एका सोमवारी कामवाली आल्यावर दार उघडं होतं, तेव्हा पिशवी घेऊन निघाले. गणपती मंडळातल्या सुनंदाताईंचा मुलगा शिकायला असताना मुनिरक्यात राहायचा, त्या घरात त्यांनी मला खोली मिळवून दिली. तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतल्या विद्यार्थ्याला माझी कढई दिसते. घरमालकीण ओमवती नावाची गावातली जाटणी आहे, माझ्याच वयाची, जिन्याच्या तोंडाशी खाटेवर बसून हुक्का ओढते. मला विचारलं, मागे कुणी आहे का. मी कुणी नाही म्हटलं.

अक्षर वाकडं येतंय. बसचा दांडा धरताना मनगट मुरगळलं.

तनयाचं काही कळलं नाही. लग्न सत्तावीस जूनला आहे.

लतिका


मुनिरका
११ जुलै १९९९

वृंदा,

आधी एक दुरुस्ती. मनगट बसमध्ये नाही मुरगळलं. किल्ली देत नव्हते तेव्हा त्यानं पिळलं. पिळताना माझ्याकडे बघतही नव्हता. तुला पाच पत्रांत इतकं कबूल केलं आणि हे मात्र लपवलं. आपल्या मुलानं आपल्याला हात लावला, हे लिहायला लाज वाटली. तुला लावला हे लिहायला तेवढी वाटली नव्हती. हेही समजून घे किंवा नको घेऊस.

लग्न झालं नाही. तनयानं तुला फोन केला होता असं ती म्हणाली, तेव्हा तुला थोडं माहीत असेल. पुढचं ती इथे येऊन सांगून गेली. पत्ता सुनंदाताईंकडून मिळवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. तो म्हणाला, जाऊ नकोस. ती म्हणाली, मी जाणार आहे. बस, कारण दिलं नाही. तो चिडला नाही. "अच्छा," म्हणाला आणि स्वतः गाडीनं सोडायला आला. ती चार तासांनी बाहेर पडली, तर तो तिथेच. भर उन्हात, गाडीच्या काचा बंद करून, एसी न लावता बसलेला. शर्ट पिळून काढावा इतका घाम. तिला म्हणाला, "बघ, तू माझं काय केलंस."

"काकू, मी साकेतपर्यंत सॉरी म्हणत होते," तनया म्हणाली. "रडत होते. पाणी पाजत होते त्याला. घरी पोचल्यावर मला तुमचं आठवलं, तू काय करतेस तेही बघ. मी कशाबद्दल सॉरी म्हणतेय तेच मला सांगता येईना."

तिनं वडिलांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी पुण्याहून आले. बारा दिवस आधी लग्न मोडलं. त्यानंतर आठवडाभर उन्मेष तिच्या ऑफिससमोर गाडीत बसून असायचा, म्हणून तिनं पुण्याला बदली मागून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी ती इथे आली होती. वजन कमी झालंय. माझ्या पत्र्याखाली बसून तिनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाली, "तुमचे आभार मानायला नाही आले. कळवायला आले." मला ते आवडलं.

त्यानंतर चार दिवसांनी त्याचा फोन आला, ओमवतीच्या घरी खाली; नंबर त्यानंही सुनंदाताईंकडूनच काढला असावा. सगळ्यांच्या टीव्हीवर कारगिल चालू होतं, नीट ऐकू येईना, तरी आवाज लगेच ओळखला. तो रडत होता. "आई, घर खायला उठतं. मला तूच उरलीस. चूक झाली, तुझी शपथ. घरी ये."

वृंदा, हे वाक्य ऐकायला मी चौतीस वर्षं थांबले होते. मला तूच उरलीस. त्याच्या बाबांनीही हिंदूरावच्या रिक्षात हेच शब्द वापरले होते, आणि तो तुझ्या खोलीबाहेर बसून तुलाही हेच म्हणायचा, मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. सगळं कळत होतं. तरी जीभ 'येते' म्हणायला निघाली होती.

"नाही," मी म्हटलं. कारण दिलं नाही.

रडणं तिथल्या तिथे थांबलं. नळ बंद करावा तसं. "ठीक आहे," तो म्हणाला. "रविवारी येतो घ्यायला."

ओमवती हुक्का बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "कौन था? तू तो कहे थी कोई ना है तेरा."

"बेटा है. इतवार को आएगा. उसे ऊपर मत आने देना."

"क्यूँ? मारे है के?"

मी "हां" म्हटलं.

तिनं हुक्का परत ओढून घेतला. रविवारी सकाळी खाट ओढून जिन्याला आडवी लावली आणि वर बसली. तो अकराला आला. मी वरच्या खिडकीतून बघत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. त्यानं ओमवतीला वाकून नमस्कार केला, गोड बोलला. माताजी थोड्या भ्रमिष्ट झाल्यात, औषधं चालू आहेत, घरी न्यायला आलोय. गल्लीतली दोन माणसं मान हलवायला लागली. ओमवती म्हणाली, "वो ना आवे." तो पुन्हा बोलला. ती पुन्हा म्हणाली, "वो ना आवे." वीस मिनिटं तो उभा होता. तिनं हुक्का पेटवला. मग त्यानं डबा खाटेवर ठेवला आणि गेला.

गल्लीच्या टोकाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकी लावली, जमिनीवर बसले आणि रडले. सुटले म्हणून नाही. तो खरंच परत गेला म्हणून. हे मी जगात फक्त तुलाच सांगू शकते आणि तुलाच सांगायला नको, हे मला कळतं. म्हणून आता तुला लिहिणं थांबवते.

लतिका